बोट पनामाची, मालक ग्रीक, भाऊ रत्नागिरीचा: कायदा कुठला लागणार?

खलाशाची_ताई:
नमस्कार. धाकटा भाऊ बोटीवर ऑइलर (इंजिनरूममधला कामगार) आहे. झेंडा पनामाचा, म्हणजे बोटीची नोंदणी तिथली, कंपनी ग्रीक, अॅग्रीमेंटवर सही बेलापूरच्या एजंटकडे झाली. ह्यूस्टन बंदरात इंजिनरूममध्ये पडून त्याचं मनगट मोडलं. आता घरी आहे. चार महिन्यांचा पगारही थकलाय. एकजण म्हणतो अमेरिकेत केस टाका, भरपूर भरपाई मिळते. दुसरा म्हणतो पनामाचाच कायदा चालणार. आई रोज विचारते, मी काय सांगू?

फोर्टातला_वकील:
ताई, पगार आणि दुखापत ही दोन प्रकरणं वेगळी धरा.

आधी दुखापत. अमेरिकेच्या बंदरात पडला म्हणून अमेरिकेचा कायदा लागतोच असं नाही. लार्सन नावाचा डॅनिश खलाशी न्यूयॉर्कला डॅनिश बोटीवर चढला, हवानात जखमी झाला आणि दावा लावला न्यूयॉर्कमध्ये. १९५३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डेन्मार्कचाच कायदा लावला. घटना कुठे घडली, झेंडा कुठला, खलाशी कुठला, मालक कुठला, करार कुठे झाला, परदेशी कोर्टात दाद मागता येते का, हे सगळं तोललं, पण सर्वांत जास्त वजन झेंड्याला दिलं. १९५९ च्या रोमेरो खटल्यातला स्पॅनिश खलाशी तर न्यू जर्सीच्या होबोकेनला, म्हणजे अमेरिकेतच, जखमी झाला होता. त्यालाही अमेरिकन कायदा मिळाला नाही.

मात्र १९७० चा ऱ्होडिटिसचा निकाल नीट वाचून घ्या. बोट ग्रीक, खलाशी ग्रीक, पडला न्यू ऑर्लिन्सला. पण मालक कित्येक वर्षं अमेरिकेत राहणारा आणि सगळ्यात मोठं ऑफिस न्यूयॉर्कला. तिथे कोर्टाने झेंड्यापलीकडे पाहिलं आणि अमेरिकन कायदा लावला. म्हणून तुमच्या कंपनीचा कारभार खरा कुठून चालतो ते आधी शोधा. ग्रीसमधल्या पिरेअस बंदराहून चालत असेल तर अमेरिकेतल्या केसमागे घरचा पैसा घालू नका, असं माझं स्पष्ट मत. करारात अपंगत्वाच्या भरपाईचा तक्ता आहे का, तेही पाहा.

निवृत्त_चीफ:
पगाराचं मी सांगतो. बोट भारतात आली तर इथेच अटक करवता येते, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने बंदरात रोखून ठेवता येते, झेंडा कुठलाही असो. १९८४ मध्ये मार्मागोव्याहून निघालेल्या 'एलिझाबेथ' या परदेशी बोटीच्या प्रकरणात आपल्या सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलं. २०१७ च्या अॅडमिरल्टी (बोटींवरच्या दाव्यांच्या) कायद्यात खलाशाच्या पगाराचा बोटीवरचा हक्क सगळ्यांत वरचा आहे. बोट विकली, झेंडा बदलला, तरी तो सुटत नाही. मुदत पगार देय झाल्यापासून दोन वर्षं.

शिवाय बोटीवर विम्याचं सर्टिफिकेट लावलेलं असतं. क्रूला वाऱ्यावर सोडलं, तर चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार त्यातून मिळू शकतो. दोन महिने पगार दिला नसेल तर तेही वाऱ्यावर सोडणंच धरतात. भावाकडे त्या सर्टिफिकेटचा फोटो आहे का विचारा. आणि 'सगळे पैसे मिळाले' अशा कागदावर त्याला सही करू देऊ नका, एजंट कितीही गोड बोलला तरी.

खलाशाची_ताई:
मनापासून आभार. फोटो आहे! बोट पुढच्या आठवड्यात मुंद्र्याला येतेय असं त्याच्या मित्राने कळवलंय. मुंबईचा वकील चालेल का?

फोर्टातला_वकील:
मुंद्रा म्हणजे गुजरात उच्च न्यायालय. अहमदाबादला अॅडमिरल्टीची कामं करणारा वकील आजच गाठा. अॅग्रीमेंट, पगाराच्या स्लिपा, सीडीसीची (खलाशाच्या नोंदपुस्तकाची) प्रत आणि ह्यूस्टनच्या डॉक्टरचे कागद आज रात्रीच स्कॅन करून ठेवा. माल उतरला की बोट थांबत नाही.