जुन्या शिडाच्या बोटीचा डेक पायाखाली दबतोय, सोलापुरात दुरुस्त होईल का?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत मोटर रिवाइंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळं हात काळे करायची सवय आहे पण बोटीतलं ज्ञान शून्य. मागच्या दिवाळीत मुंबईहून एक जुनी शिडाची बोट घेतली. २४ फुटी, फायबरची, चाळीस वर्षं तरी झाली असतील असं आधीचे मालक म्हणाले, आत दोन माणसं झोपतील एवढी केबिन, आणि खालचा कील, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणारं पातं, विंचने वर ओढून घेता येतो म्हणूनच घेतली, कारण उजनीत न्यायचीय आणि उजनीचं तुम्हाला माहितीय, पावसाळा संपताना शंभर टक्के आणि मे मध्ये मायनस, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली. ट्रेलरवर आणताना टेंभुर्णीच्या अलीकडं एका चाकाचं बेअरिंग गेलं, रात्र ढाब्यावर काढली, ते प्रकरण वेगळं. आता वर्कशॉपच्या मागं पत्र्याखाली उभी आहे आणि गल्लीतली पोरं येऊन विचारतात, काका समुद्र कधी येणार.

तर प्रॉब्लेम असा की मास्टच्या (शिडाच्या डोलकाठीच्या) पुढं डेकवर, म्हणजे बोटीच्या वरच्या चालायच्या भागावर, पाय ठेवला की दबतंय. तडा नाही, वरून एकदम गुळगुळीत, पण पाय आत जातो आणि उचलला की परत वर. एक जुना स्क्रू काढला तर त्या भोकातून चहासारखं पाणी आलं. सहा महिने पत्र्याखाली आहे ओ, वर एक थेंब पडला नाही, आणि आतून पाणी! इथं कूलरच्या बॉडी आणि पाण्याच्या टाक्या करणारा एक फायबरवाला आहे, ओळखीचा आहे, तो म्हणतोय वरून दोन थर मॅट मारतो, दगड होईल. मारू द्यावं का?

बाकी मास्टला धरणाऱ्या वायरींच्या खालच्या टोकाला तांबूस डाग आहेत, स्टीलला गंज कसा येतो ते कळंना. आणि मोठ्या शिडाची शिलाई दोन ठिकाणी उसवलीय. बजेट फार नाही. सगळं सोलापुरात होईल का मुंबईच गाठावी लागेल?

कट्ट्यावरचा

सोलापुरात शिडाची बोट. हेच बघायचं राहिलं होतं बे. हिप्परग्याच्या तळ्यात सोडा की, जवळ पडेल.

रत्नांग्री_फायबर

पहिलं म्हणजे त्या फायबरवाल्याला थांबव. माणूस चांगला असेल पण टाकी आणि डेक वेगळं. टाकीची भिंत एकसंध असते, तुझा डेक क्रीमच्या बिस्किटासारखा आहे, वर फायबरचा पातळ थर, खाली एक थर, आणि मधे बाल्सा लाकूड किंवा प्लायचे तुकडे. ताकद त्या तिघांच्या चिकटण्यात असते. मधलं लाकूड कुजलं की वरचा थर सुटा होतो आणि दबतो. त्यावर आणखी दोन थर मारणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला डिस्टेंपर. आतलं पाणी कुठं जाणार? वजन वाढेल आणि दोन वर्षांनी पलीकडं दबायला लागेल.

आधी ठोकून बघ. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घे आणि दर दोन इंचावर ठोक, चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. पेन्सिलने खूण करत जा. जिथं पाय दबतो त्याच्या दुप्पट जागा निघाली तर घाबरू नकोस, बहुतेकदा तसंच होतं. मग खुणेच्या आतून कटिंग व्हीलने फक्त वरचा थर काप, तो तीनेक मिलिमीटर असेल, खालच्या थराला ब्लेड लागू द्यायचं नाही, तो शाबूत राहिला तर डेकचा आकार टिकतो. कडेला दीड-दोन इंच जुना थर सोड, जोडायला लागेल. कापलेला तुकडा फेकू नकोस, तोच परत बसवायचाय. मधलं सगळं काळं लाकूड उकरून काढ आणि वाळव. आम्ही इथं कोकणात वाळवायला हीटर लावून बसतो, तुझ्याकडं एप्रिल आहे, तुझं नशीब.

नवीन भरताना एपॉक्सीच वापर. पॉलिस्टर रेझिन नवी वस्तू बनवताना ठीक, पण जुन्या वाळलेल्या फायबरवर त्याची पकड एपॉक्सीसारखी नसते. आणि एपॉक्सी घेतलीस तर टाकीवाला वापरतो ती चटईसारखी मॅट घेऊ नकोस, तिच्यातला बाइंडर (धागे एकत्र चिकटवून ठेवणारा) पॉलिस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही, मॅट नीट भिजत नाही. विणलेलं किंवा शिवलेलं ग्लासचं कापड घे. जोडाला उतार दे, एकास बारा, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीला साडेतीन सेंटिमीटर तरी घासून तिरपं कर. पहाटे पाचला काम कर, तुमच्या उन्हात दुपारी मगातली एपॉक्सी धूर सोडते.

आणि टाकीवाल्याकडं पॉलिस्टरचं काही करायचंच झालं तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट ओतू नका, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं. ही चूक करून बोटं भाजून घेतलेला माणूस मी रोज आरशात बघतो.

भीमाकाठ

दादा मनापासून आभार. ठोकून बघितलं. दबत होतं दोन फूट, बद्द वाजतंय जवळपास पाच फूट, थेट अँकरची दोरी बांधायच्या क्लीटपर्यंत. रात्री झोप आली नाही. वायरींबद्दल कुणी सांगेल का, लोहचुंबक लावून बघितलं तर किंचित चिकटतोय, म्हणजे डुप्लिकेट स्टील आहे का?

ऑफसीजन

मी साखर कारखान्यात बॉयलर हाउसला आहे, बोट आयुष्यात चालवली नाही पण स्टेनलेस रोज बघतो म्हणून लिहितोय. चुंबकावर जाऊ नका. ३०४ स्टील ओढून तार केली की थोडं चुंबकीय होतं, ३१६ सुद्धा क्वचित दाखवतं. फरक आहे तो ३१६ मधल्या दोनेक टक्के मॉलिब्डेनमचा, तो चुंबकाला कळत नाही. आणि स्टेनलेसला गंज का येतो तर त्याच्यावर जो पातळ संरक्षक पापुद्रा असतो त्याला ऑक्सिजन लागतो. उघड्यावर चकचकीत राहणारं स्टील जिथं ओलं आणि बंद राहतं तिथं आतून खायला लागतं. तुमच्या वायरीचं खालचं टोक नळीत दाबून बसवलेलं असणार, पाणी वायरीवरून ओघळून त्या नळीत साचतं, आणि मुंबईचं म्हणजे खारं.

त्या नळ्यांची डीपी टेस्ट (डाय पेनेट्रंट, रंग मारून बारीक तडा शोधायची) करून घ्या. जिल्ह्यात एवढे कारखाने आहेत, गळीत संपलं की प्रत्येकाच्या मेंटेनन्सला हे किट असतंच, चिंचोळी एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्यांकडंही मिळेल. नळी स्वच्छ करायची, लाल डाय मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायचं, पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असला तर केसासारखी लाल रेघ उठते. पण हे फक्त पृष्ठभागावरचं दाखवतं, नळीच्या आत तार खाल्ली असेल तर दिसणार नाही. कारखान्यात आम्ही ज्या वायर रोपचं वय माहीत नाही ती वापरत नाही. मास्ट डोक्यात पडला तर बजेट काय करायचं?

आणि एक. रत्नागिरीच्या दादांनी पहाटे काम करा म्हटलंय, त्यात माझी जरा हरकत आहे. पहाटे कोरड्या लाकडावर एपॉक्सी लावली आणि आठ-नऊला ऊन तापलं की लाकडातली हवा फुगते आणि बाहेर येते, सगळा थर बुडबुड्यांचा होतो. आमच्याकडं टाकीच्या लायनिंगला हे बघितलंय. संध्याकाळी लावा, लाकूड थंड व्हायला लागलं की उलट आत ओढून घेतं.

रत्नांग्री_फायबर

बॉयलरवाल्या काकांचं बरोबर आहे, मान्य. आमच्याकडं दिवस-रात्रीत तेवढा फरक नसतो म्हणून डोक्यात आलं नाही. उघड्या लाकडाचा पहिला हात सूर्य उतरल्यावर. फक्त मगात एकदम अर्धा लिटर कालवू नकोस, थोडं थोडं कालव आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओत. तापमान दहा डिग्रीनं वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो.

ताणाबाणा

शिडाचं मी सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या मागावर, चादर-टॉवेलचे लूम होते, आता चार राहिलेत. मुंबईला असताना एकदा शीड हातात घेऊन बघितलं होतं, कापड पॉलिस्टरचं, इतकं घट्ट विणलेलं की टॉवेलवाल्याला लाज वाटावी, वर रेझिनचं फिनिशिंग. ताण्याच्या दिशेनं ओढा, बाण्याच्या दिशेनं ओढा, हलत नाही, पण तिरकं ओढलं की कुठलंही कापड सरकतंच. म्हणून ठिगळ लावताना ठिगळाचा ताणा शिडाच्या ताण्याशी जुळला पाहिजे, तिरकं लावलं तर शेजारी सुरकुती पडणार आणि वारा भरला की तिथूनच फाटणार. ठिगळाचे कोपरे गोल कापा.

आता आधी हे बघा की शीड शिवण्यासारखं आहे का. शिलाईवर नखानं जोरात खरवडा. दोरा तुटला तर ऊन खाऊन गेलाय, दोन ठिकाणी उसवलंय म्हणजे बाकीची शिलाई पण रांगेत उभी आहे, सगळी परत मारा. दोरा आधी जातो कारण तो कापडाच्या वर उघडा असतो. पण कापडात सुई टोचून हातानं ओढलं आणि चर्रकन पुढं फाटत गेलं तर मशीनवर वेळ घालवू नका, ते शीड ट्रकवर झाकायला द्या.

शिवायला ताडपत्रीवाल्याकडं जा, पण दोन गोष्टी डोक्यावर उभं राहून करून घ्या. झिगझॅग शिलाई, कारण सरळ शिलाईला कापडाबरोबर हलायला जागाच नसते, ताण आला की तुटते. आणि दोरा पॉलिस्टरचा, उन्हात टिकणारा. हे लोक सवयीनं नायलॉन लावतात, बॅगला चालतं, उन्हात नायलॉन लवकर जातो. धुवायचं तर गोड्या पाण्यात हातानं आणि सावलीत वाळवायचं. वॉशिंग मशीनमध्ये टाकलं तर फिनिशिंग जातं आणि शिडाची बेडशीट होते, चादर आमच्याकडून घ्या त्यापेक्षा.

करमाळ्याकडचा

दुरुस्ती होईल ओ, पण पाण्याचं कुणी बोलंना म्हणून लिहितोय. २१ मे २०२४ ला उजनीतच कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचं वारं पाच मिनिटांत उठतं, तिथं समुद्राच्या मानानं पाणी छोटं वाटतं आणि तिथंच माणूस फसतो. लाइफ जॅकेट घातलेलं पाहिजे, सीटखाली ठेवलेलं नाही. पाणी उतरलं की बुडालेल्या गावांचे चौथरे, वाळलेली झाडं वर येतात, पळसदेवचं देऊळच बघा ना. कील वर घेता येतो हे बरं झालं. जलपर्णीत इंजिन घालू नका, कूलिंगचं पाणी ओढायची जाळी चोंदते आणि इंजिन तापतं. आणि काठावर मास्ट उभा करताना वर बघा, शेतांवरून विजेच्या तारा गेल्यात आणि तुमचा मास्ट ॲल्युमिनियमचा. नोंदणी आणि पाटबंधारेची परवानगी आधी बघा, नंतर नको.

भीमाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय. डेक उघडला. आतलं लाकूड भिजवलेल्या शेंगापेंडीसारखं झालं होतं, हातानं उकरून दोन बादल्या निघाली. कारण सापडलं, क्लीटचे चार बोल्ट, भोकं थेट लाकडातून आरपार आणि वर कुणीतरी सिलिकॉन फासलेलं. पाणी तिथून आत शिरून कैक वर्षं पुढं सरकत राहिलं. सिलिकॉनवर एपॉक्सी धरंना, तेवढा भाग पूर्ण घासून काढावा लागला. आता नवीन बाल्सा बसवलाय, फक्त क्लीटखाली आणि मास्टखाली मरीन प्लाय, तिथं मऊ लाकूड दाबलं जाईल म्हणून. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून जाड एपॉक्सीनं भरली आणि मग मधून लहान भोक पाडलं, म्हणजे उद्या सील गेलं तरी पाणी लाकडाला शिवणार नाही. सिलिकॉनऐवजी शेडच्या पत्र्याला लावतात ती ब्यूटाइल टेप घेतली, एमआयडीसीतच मिळाली.

संध्याकाळच्या कामाबद्दल काकांना दंडवत. एक तुकडा मुद्दाम पहाटे करून बघितला होता, जाळीदार डोसा झाला.

डीपी टेस्टमध्ये सहापैकी एका नळीला रेघ निघाली. सहाच्या सहा वायरी मुंबईहून नवीन मागवल्यात, तेवढंच बाहेरून. शीड नखाच्या परीक्षेत नापास, सुईच्या परीक्षेत पास, ताडपत्रीवाल्याकडं आहे, मी रोज जाऊन डोक्यावर उभा राहतो, तो वैतागलाय.

आता शेवटचं. वायरी ज्या पट्ट्यांना अडकतात त्या पट्ट्या डेकमधून खाली जाऊन बोटीच्या भिंतीत फायबरखाली गाडल्यात. वरून चकाचक आहेत. फायबर कापून बघायचं म्हणजे चांगली जागा फोडल्यासारखं होतंय, तसंच ठेवू का?

ऑफसीजन

ओलं आणि बंद. वर लिहिलंय तेच. कापा.

रत्नांग्री_फायबर

काप, आणि निदान एक तरी पट्टी पूर्ण बाहेर काढून डेकच्या जाडीत असतो तेवढा भाग बघ, खाल्लेली असली तर तिथंच असेल. फोटो टाक.