नाखवा : मालक, कप्तान की नावाडी?

प्रश्न : कोकणच्या जुन्या सागरी व्यापारावरील एक मजकूर तपासताना ‘नाखवा’ या शब्दाचा अर्थ ‘नावाडी’ असा दिलेला आढळला. शब्द मराठी ‘नाव’वरूनच आला, असे तेथे गृहीत धरले आहे. हे कितपत बरोबर आहे, आणि मग तांडेल व सारंग कोण?

उत्तर : व्युत्पत्ती अर्धी बरोबर आहे, अर्थ मात्र साफ चुकलेला आहे. मूळ शब्द फारसी ‘नाखुदा’, म्हणजे ‘नाव’ अधिक ‘खुदा’ (धनी). बोलण्यात ‘द’ गळाला आणि ‘नाखवा’ उरला. फारसी ‘नाव’ व संस्कृत ‘नौ’ एकाच कुळातील असल्यामुळे आपल्या ‘नावे’शी नाते आहेच, पण ते चुलत नाते आहे. शब्दाचा भार ‘धनी’वर आहे, वल्ह्यावर नाही. सोमनाथजवळ वेरावळ येथे सापडलेल्या 1264 च्या लेखात होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोज या जहाजधनी व्यापाऱ्याने मशीद बांधल्याची नोंद आहे, आणि त्या लेखाच्या संस्कृत मजकुरात फिरोजच्या नावापुढे ‘नाखू’ ही उपाधी चक्क आपल्या ‘श्री’सारखी लावलेली आहे. अशा माणसाला नावाडी म्हणणे म्हणजे गिरणीमालकाला साचेवाला म्हणण्यासारखे आहे.

हा भेद आजही धक्क्यावर दिसतो. अलिबागकडच्या एका बंदरात मासळी उतरत असताना मी ‘नाखवा कोण?’ असे विचारले, तेव्हा बोटीवरच्या खलाशांनी किनाऱ्यावर छत्रीखाली वही घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवले. सुकाणूजवळचा, रात्रभर जागून डोळे तांबारलेला माणूस तांडेल होता. जाळे कुठे टाकायचे आणि वारा फिरला तर कधी परतायचे, हे तांडेलाने ठरवायचे.

शंका : आमच्या ओळखीतले नाखवे स्वतःच बोट नेतात. मग हा भेद टिकतो का?

उत्तर : टिकतो. लहान होडीवर मालक आणि तांडेल एकच माणूस असतो, म्हणून दोन्ही शब्द एकाच अंगावर येतात. पण ‘नाखवीण’ म्हणतात ती मालकाच्या घरातली बाई, मग ती कधी समुद्रात गेलेली नसली तरी. ‘सारंग’ मात्र निराळा. तो फारसी ‘सरहंग’, म्हणजे सेनानायक, यावरून आलेला असून मोठ्या जहाजावरील खलाशांच्या म्होरक्याला लागतो. शिवकालीन आरमारातील ‘दर्यासारंग’ हा किताब त्याच घराण्यातला. हरीण किंवा चातक या अर्थाच्या संस्कृत ‘सारंग’शी त्याचा काही संबंध नाही, जरी आडनावाचा अर्थ सांगताना पुष्कळ जण हरणाकडेच वळतात.

आपल्या मजकुरात गलबताची आणि मालाची मालकी सांगायची असेल, तर ‘नाखवा’ हा शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तेथे ‘जहाजधनी’ एवढा खुलासा जोडावा.