पावसानंतर धक्क्याजवळचा बास मासा गळाला लागत नाही, मदत हवी आहे

तंगूस:
तळ्यावर लाकडी धक्के आहेत, काही खांबांवरचे पक्के, काही तरंगते. एरवी सावलीच्या कडेला १२ सेंमीचा हिरवट रबरी किडा सोडला की बास येतो. जोरदार पावसानंतर पाणी फूटभर चढलंय, काठाकडे दुधाळ चहासारखं गढूळ आहे. तेच आमिष, त्याच जागा, पण एक चावा नाही. बदलायचं काय, आमिष की जागा? जाणकारांनी सांगावं.

खवले:
दोन्ही, पण आधी जागा. पाणी चढतं तेव्हा बास काठाकडे सरकतो. धक्क्याचं पाण्यातलं टोक सोडा, जमिनीकडचे खांब धरा. ओहोळ किंवा पाईप जिथे तळ्यात उतरतो त्याच्या शेजारचा धक्का पहिला. गढूळ आणि नितळ पाण्याची सीमा नुसत्या डोळ्यांनी दिसते. ती ज्या धक्क्याखालून जाते तिथे जास्त वेळ द्या. पाणी उतरायला लागलं की उलट, बाहेरचे खोलातले खांब.

गढुळात मासा खांबाला चिकटून असतो. हातभर लांबून गेलेलं आमिष फुकट. १० ग्रॅमचा काळा-निळा जिग (वजनदार डोक्याचा गळ), मागे जाड रबरी शेपूट, आणि तो खांबाला अक्षरशः घासत खाली सोडायचा. तळाला टेकला की ५-१० सेकंद हात आवरा, मग दोन बारीक झटके. चावा बहुधा पडतानाच येतो: दोरी बाजूला सरकते, किंवा तळ यायच्या आधीच सैल पडते. हाताला झटका बसेल म्हणून वाट पाहिलीत तर मासा जिग थुंकून मोकळा.

गढूळ असूनही मासे फिरते वाटले तर गोल, रुंद पात्याचं स्पिनरबेट (तारेवर फिरतं पातं असलेलं आमिष). पातं जितकं गोल तितकी थरथर जास्त.

भिंगरी:
एक भर. पक्क्या धक्क्याखालची फट पाणी चढल्यावर अरुंद होते, तरंगत्याची तेवढीच राहते. त्यामुळे आत फेकायचं तर तरंगते सोपे. रॉड पाण्याला समांतर, मनगटाने आडवा झटका, आमिष ठिकरीसारखं टप्पे घेत आत. स्पिनिंग रीळ घ्या, फेकताना ते स्थिर राहतं. बेटकास्टरवर (फेकताना फिरणारं रीळ) आमिष पाण्याला आपटून मंदावतं, पण रीळ फिरतच राहतं आणि गुंता होतो.

टोकाची दोरी १५-२० पौंडी फ्लुरोकार्बन (घासणीला टिकणारी प्लास्टिक दोरी). प्रत्येक माशानंतर शेवटची हातभर दोरी बोटांतून ओढून बघा. खरखर लागली तर कापून नवी गाठ. खांबांचे बोल्ट तिला खातात.

तंगूस:
ऊन पडल्यावरही हेच?

खवले:
जिग तोच, फक्त सावलीत आणखी आत आणि सावकाश. पाणी नितळलं की तुमचा हिरवट किडा परत काढा, मधोमध गळ टोचून, वजन न लावता. आणि गडगडाट थांबल्यावर ३० मिनिटं रॉड उचलू नका, रॉडच्या कार्बनमधून वीज वाहते. धक्क्यावर दिव्यांची वायर असेल तर पाण्यात वीज उतरू शकते, म्हणून मासा हाताने नाही, लांब दांड्याच्या जाळीने घ्या. दांडा फायबरग्लासचा, ॲल्युमिनियमचा नको.