'फुतूह'ला मराठीत काय म्हणाल?

सदाफुली: सातव्या शतकातल्या अरब मोहिमांवरचं प्रकरण मराठीत आणतेय, 'फुतूह' (मुलूख ताब्यात येणं) या शब्दापाशी अडलेय. अरब इतिहासकार बलाधुरीच्या ग्रंथाचं नावच 'फुतूह अल-बुल्दान'. धातूचा मूळ अर्थ 'उघडणे'. संपादक म्हणतात 'पाडाव' लिहा. पण दमास्कसची (635च्या सुमारास) परंपरागत हकीकत पाहा. अरब सेनानी खालिद इब्न वलीद पूर्व दरवाजातून तलवारीच्या जोरावर शिरला, आणि त्याच वेळी दुसरा सेनानी अबू उबैदा पश्चिमेच्या जाबिया दरवाजातून अभयाचा कौल देऊन आत आला. दोघांची गाठ भर शहरात पडली. पूर्व दरवाजाला 'पाडाव' चालेल, जाबियाला कसा चालेल?

गडवाट: 'फत्ते' आहे की! तोच अरबी 'फत्ह', ज्याचं अनेकवचन 'फुतूह'. 'मोहीम फत्ते' म्हणतो त्यातली मोहीमही अरबीच.

जुनी पाटी: फत्ते म्हटलं की लढाई आली. 628चा, पैगंबरांनी मक्केवाल्यांशी केलेला हुदैबियाचा तह घ्या. लढाई झाली नाही, उलट त्या वर्षी पैगंबरांना मक्केत न जाता माघारी फिरावं लागलं. तरी कुराणातली 'फत्ह' सूरा (अध्याय) परंपरेने त्याच तहाशी जोडतात. तिथे 'फत्ते' लिहिलंत तर वाचक रणांगण शोधत बसेल.

नदीकाठ: सरळ 'विजय' लिहा. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांनी कशासाठी करवून घेतला?

सदाफुली: 'विजय'मध्ये 'सुल्ह' आणि 'अन्वा' हा भेदच बुडतो. तहाने आलेला मुलूख (सुल्ह) वेगळा, जोरावर घेतलेला (अन्वा) वेगळा. जमीन कुणाची आणि सारा किती, हे त्यावर ठरायचं. अरब सेनानी अम्र इब्न अल-आसने 639 ते 642मध्ये इजिप्त घेतला. तो कौलाने की बळाने, यावर पुढे धर्मशास्त्री भांडत राहिले, कारण ठरलेला सारा वाढवता येतो का, हा प्रश्न त्यातच अडकलेला होता.

मुळाक्षर: या 'सुल्ह'वरूनच बखरींतला 'सलूख' आला का? आमचे आजोबा बांधाचं भांडण मिटलं की 'सलूख झाला' म्हणायचे.

जुनी पाटी: नाही, तो 'सुलूक'वरून. शेवटचं व्यंजनच वेगळं आहे.

गडवाट: मग 'फितूर' तरी फुतूहमधलाच. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देतो तो फितूर!

जुनी पाटी: ओढाताण आहे ही. तो अरबी 'फुतूर', म्हणजे ढिलाई, बिघाड. शेवटचा 'र' कुठून आणलात?

गडवाट: लोकांच्या तोंडी अक्षरं बदलतातच. मस्जिदची मशीद झाली ना?

जुनी पाटी: झाली, पण 'ज'चा 'श' होणं आणि 'ह'चा 'र' होणं एक नव्हे.

मुळाक्षर: आणि 'दिवाण'? खलिफा उमरने सैनिकांच्या तैनातीची (वेतनाची) नोंदवही घातली, तिचं नाव 'दीवान'. आपल्याकडे दिवाणी दावे अजून चालू आहेत.

नदीकाठ: तो मुळात फारसी, अरबांनीच उसना घेतलेला. म्हणूनच म्हणतो, आपले शब्द असताना उसनवारी नको.

गडवाट: 'उसनवारी'तला 'वारी' कुठला, ते आधी सांगा.