'उंदीर पडणे' म्हणजे नेमकं काय? आणि वाहक कोण, उंदीर का पिसू?

उदगीरकर: शाळेतल्या लेकरांसाठी प्लेगवर चार पानं लिहायलोय. एका ठिकाणी उंदराला 'वाहक' म्हटलंय, दुसऱ्या ठिकाणी पिसवेला. दोघांचं काम एकच कसं असंल? आणि आमच्याकडं म्हातारी माणसं "उंदीर पडायलेत" म्हणतेत, मेले म्हणत नाहीत, ते कामून?

बीडकर: दादा, तो शब्द तसाच ठेवा. औषधानं मेला, मांजरानं धरला, याला कुणी 'पडणे' म्हणत नाही. कुणी हात न लावता माळवदातून, कणगीमागून उंदीर मरून पडायला लागले की ते 'पडणे', आणि त्याचा अर्थ एकच की रोग घरात आलाय. म्हणून तर जुन्या काळी उंदीर पडले की गाव उठून रानात झोपड्या टाकून राहायचं. 1994 च्या ऑगस्टमध्ये आमच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे पेशंट निघाले, तिथंही आधी उंदीर पडले होते आन पिसवा फार झाल्या होत्या. सुरतचं नंतरचं, सप्टेंबरातलं, आणि तो फुप्फुसाचा प्लेग.

वाहक म्हणाल तर पिसूच. उंदराचं अंग थंड पडलं की ती त्याला सोडते आणि ऊब मिळंल तिकडं उडी मारते, माणूस असो का दुसरा उंदीर. तिनं प्यायलेल्या रक्तातले जंतू तिच्या पोटाच्या तोंडाशी बुचासारखे साचतात, मग कितीबी रक्त ओढलं तरी पोटात उतरत नाही, ती उपाशीच राहते, उपाशी म्हणून पुन्हा पुन्हा चावते, आणि ओढलेलं रक्त जंतूंसकट चावल्या जागी परत येतं. पिसवेवरचा संशय सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 ला कराचीत प्रयोग करून मांडला, हे बुचाचं गणित बॅकॉट आणि मार्टिन या संशोधकांनी 1914 ला दाखवलं.

परभणीकर: मग उंदीर काय म्हणायचा, 'साठा', म्हणजे रोग टिकून राहायची जागा? मला तेही पटत नाही. घरातला काळा उंदीर तर स्वतःच पटापट मरतो, मरणाऱ्याजवळ साठा टिकंल कसा? रोग वर्षानुवर्षं टिकतो रानात. आपल्याकडं तो जर्बिल नावाच्या रानउंदरात, धुऱ्याला बिळं करून राहणारा, लांब शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असलेला तो. त्यांच्यातले बरेच जण रोग होऊनही जगतात, बिळातल्या पिसवा रोग एकाकडून दुसऱ्याकडं नेत राहतात, आणि वर गावात कुणाला पत्ता नसतो. मी तर 'रोगाचा मुक्काम रानात' असं लिहीन. मंगोलियात हा मुक्काम मार्मोट या खारीच्या कुळातल्या जनावरात, मध्य आशियात मोठ्या जर्बिलमध्ये. अमेरिकेतल्या प्रेअरी डॉगचं (नावात कुत्रा असला तरी तोही खारीच्या कुळातला, बिळात राहणारा) मात्र उलटं, तिथं प्लेग शिरला की वसाहतीच्या वसाहती साफ होतात, त्यामुळं सगळ्याच रानउंदरांना एक नियम लावू नका.

नांदेडकर: मुक्काम शब्द आवडला. रानातल्या अन् घरच्या उंदरांची गाठ पडते ती धान्यापाशी, तेवढं लिहाच दादा. किल्लारीच्या भूकंपानंतर (30 सप्टेंबर 1993) सोडलेल्या घरांत धान्य पडून राहिलं आणि उंदीर वाढले, असं 1994 च्या साथीचं एक कारण तज्ज्ञांनी मांडलेलं आहे. आणखी एक, 'मरी' लिहू नका, मरीआईच्या नावात पटकी (कॉलरा) पण येते. गोचीड आणि पिसू पण वेगळं सांगा, आमच्याकडं कुत्र्याच्या अंगावरचं काहीबी पिसूच. गोचीड आठ पायांची, चिकटून बसते. पिसू सहा पायांची, बिनपंखाची, उडी मारणारी.

उदगीरकर: ताई, उपकार झाले. मग 'उंदीर मारा' असा मथळा दिला तर चालंल ना?

बीडकर: नको नको, तिथंच धोका आहे! साथीत आधी उंदीर मारले तर त्यांच्या अंगावरच्या सगळ्या पिसवा उपाशी होऊन माणसावर येतील. आधी बिळात आणि उंदरांच्या वाटेवर पिसवा मारायची पावडर, मग उंदीर. पडलेला उंदीर उघड्या हातानं उचलायचा नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं, आणि ताप येऊन जांघेत नाहीतर काखेत दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी दवाखाना, कारण वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर माणूस वाचतो. हे मोठ्या अक्षरात टाका.