बँक्सीची स्वाक्षरी असलेले चित्र घेताना काय तपासावे?

प्रश्न: लंडनमधील एक विक्रेता बँक्सी या ओळख लपवणाऱ्या ब्रिटिश भित्तिचित्रकाराचे ‘गर्ल विथ बलून’ हे स्वाक्षरीचे मूळ चित्र म्हणून विकत असून सोबत स्वतःच्या कलादालनाचे प्रमाणपत्र देणार आहे. एवढ्यावर व्यवहार करावा का?

उत्तर: दालनाचे प्रमाणपत्र बाजूला ठेवावे. बँक्सीच्या कामाची खातरजमा केवळ त्याचीच ‘पेस्ट कंट्रोल’ ही संस्था करते. तिच्या प्रमाणपत्रावर राजकुमारी डायानाचा चेहरा असलेल्या नकली दहा पौंडी नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा टाचलेला असतो आणि त्यावरील हस्तलिखित क्रमांक संस्थेकडील दुसऱ्या अर्ध्याशी जुळावा लागतो. (थट्टेखोर माणूस, पण युक्ती चोख आहे.)

उत्तर: हे कॅनव्हास आहे की कागदावरील स्क्रीनप्रिंट (जाळीच्या पडद्यातून शाई दाबून काढलेली छापील प्रत)? 2004 च्या छापील आवृत्तीत 150 प्रती स्वाक्षरीच्या आणि 600 विनास्वाक्षरीच्या होत्या. त्यामुळे साध्या प्रतीवर मागाहून कोणी सही ठोकलेली नाही ना, हे प्रतीच्या क्रमांकासह पडताळावे.

प्रश्नकर्ता: स्क्रीनप्रिंटच आहे. नोटेचे छायाचित्र मागितले, तेव्हा विक्रेत्याने आधी अनामत भरण्यास सांगितले.

उत्तर: मग एक पौंडही देऊ नये.