परक्या मुलखातलं पहिलं वर्ष: तुमचं कसं गेलं?

रंकाळा_संध्याकाळ
परवा गल्लीतली एक पोरगी पत्ता विचारत घरी आली. हातात जर्मनचं पुस्तक, पानापानावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेले. नर्सिंग झालंय, डिसेंबरात जर्मनच्या बी-टू पातळीची परीक्षा, मग जायचं. "ताई, तुमचं पहिलं वर्ष कसं गेलं?" एवढंच विचारलं तिनं. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले.

मी 2022 च्या ऑक्टोबरात जर्मनीत श्टुटगार्टला गेले. सध्या सुट्टीवर घरी आहे, कोल्हापुरात शिवाजी पेठेत. इथं मला कधी स्वतःची ओळख सांगावी लागली नव्हती. गंगावेशला दूध प्यायला गेलं तरी कुणीतरी म्हणायचं, "थोरली ना गं तू?" तिथं रोज आडनावाची अक्षरं सुटी करून सांगायची.

इथं आठ वर्षं आयसीयूत काढली होती. तिथं पदवीला मान्यता मिळेपर्यंत मी मदतनीस. सुई लावायची नाही. रुग्णाला अंघोळ घालायची, भरवायचं, दात घासून द्यायचे. आपल्याकडं हे नातेवाईक करतात नाहीतर मावशी. तिथं ते नर्सचंच काम, मान्यता मिळाली तरी करायचंच. पहिले तीन महिने मला तो अपमान वाटायचा. त्यात भाषा. मी शिकले पुस्तकातलं जर्मन, आणि वॉर्डातले म्हातारे बोलायचे तिथली श्वेबिश बोली. शब्दाशब्दाला शेवटी 'ले'. घराला हॉयसले, मुलीला मेडले. मला कळायचं नाही आणि मी कळल्यासारखी मान हलवायचे.

जानेवारीत एका आजोबांनी काहीतरी मागितलं. मी मान हलवली, पाण्याचा ग्लास ठेवला आणि निघाले. त्यांना खिडकी उघडून हवी होती. पाऊण तासानं परत गेले तेव्हा ते रागावले नाहीत, नुसतं बघत राहिले. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या आधी जाऊन सांगितलं, "मला तुमची बोली समजत नाही. हळू बोला, मी पुन्हा विचारीन." ते म्हणाले, मग बस इथं. तेव्हापासून रोज एक शब्द. 'अ बिस्सले' म्हणजे थोडंसं. मी त्यांना 'लई' शिकवला. म्हटलं, आमच्याकडंही पुस्तकातलं मराठी कुणी बोलत नाही. मग भरवताना विचारायचे, "अ बिस्सले, का लई?"

त्या वर्षात मी काय कमावलं म्हणाल तर हे. 'मला समजलं नाही' असं मोठ्यानं म्हणता येतं आता. इथल्या आठ वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. कळलं नसलं तरी 'हो सर'.

पोरीला हे नीट सांगता आलं नाही. म्हणून इथं लिहिलं. तुम्हीपण लिहा.

चिखलीकर_७
ताई वाचून गप बसलो. आजोबांचं पुढं काय झालं?

माझं सांगतो. उद्यमनगरात लेथवर होतो, 2018 च्या शेवटी सौदीला गेलो, दम्मामला. एका खोलीत सहा जण. दोघं केरळचे, एक नेपाळी, बाकी युपी. इकामा, म्हणजे तिथला राहायचा परवाना, हातात येईस्तोवर तीन महिने गेटच्या बाहेर पडायची धास्ती. स्वैपाक तिथंच शिकलो. पण माझं वर्ष म्हणजे ऑगस्ट 2019. प्रयाग चिखलीत आमचं घर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर बघत होतो. 43 फुटाला धोका, आणि पाणी 55 च्या वर गेलेलं. मग घरचा फोनच लागायचा बंद झाला. तीन दिवस. केरळचा गडी रात्री माझ्याशेजारी बसून राहायचा. त्यांच्याकडं आदल्याच वर्षी महापूर झालेला, त्याला सांगावं लागलं नाही काय होतंय ते. चौथ्या दिवशी भावाचा फोन, सगळे कोल्हापुरात शाळेत हाईत, म्हशी दोन गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदा माणसांसमोर रडलो. लाज वाटली नाही. आधीचा मी असतो तर संडासात जाऊन रडलो असतो.

हळदीकुंकू६२
बाळांनो, मी तर कुठंच गेले नाही, पण वर्ष माझंपण गेलं की. मुलगा टोरंटोला. आधी साडेनऊ तासांचा फरक, मग तिकडं घड्याळ मागं केलं म्हणून साडेदहा. मी आपली सकाळी साडेसहाला वाट बघत बसलेली, फोन येतोय साडेसातला. आठवडाभर वाटत होतं त्याचं काहीतरी बिनसलंय. 'कधी येणार' हे विचारायचं मी सोडून दिलं. आता विचारते, काय जेवलास. त्यावर तो भरपूर बोलतो.
कांदा-लसूण मसाला पाठवायचा आहे, डंकावरनं कुटून आणलाय. बॅगेत वास सुटतो का हो?

पाचगावची
सुटतो काकू 😄 दोन पिशव्या आणि वर डबा. माझे सगळे स्वेटर वर्षभर मसाल्याचे वास मारत होते, आणि मी ते मुद्दाम धूत नव्हते. लक्ष्मीपुरीत काही दुकानदार हवा काढून पॅक करून देतात, विचारून बघा.

हळदीकुंकू६२
बरं झालं सांगितलंस गं.

वर्धा_ते_विद्यापीठ
मी उलट्या बाजूनं. चंद्रपूरहून शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला आले. परदेश नाही, पण पहिल्या आठवड्यात तसंच वाटलं. होस्टेलच्या मुली म्हणायच्या "मी आलो", "मी जेवलो". मला वाटलं दारात कुणी मुलगा आहे! मेसमधला पांढरा रस्सा मी ताक समजून घेतला. माझं 'काहून' ऐकून वर्गात हशा व्हायचा आणि मी बोलणंच बंद केलं होतं. मग रूममेटनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं, 'काहून' म्हणजे काय, मला शिकव. तिच्यामुळं राहिले मी. आता घरी फोनवर "आई, मी पोचलो" निघून जातं आणि आई म्हणते, पोचली म्हण.

बिंदूचौक
चंद्रपूर म्हणजे परदेश नव्हे, धाग्याचा विषय वेगळा आहे.

चिखलीकर_७
असू दे की भावा. बोलू दे तिला.

वळिवडे_नाका
कोल्हापूरनं अशी माणसं आधीपण सांभाळलीत. आमची आजी वळिवड्याची. तिथं 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे 5,000 माणसं, बायका आणि पोरंच जास्त. रशियानं सैबेरियाकडं हाकललेली, तिथनं फिरत फिरत आलेली. आजी सांगायची, त्या बायका भाजी घ्यायला यायच्या, बोटांनी भाव सांगायच्या, पुढं वर्षभरात 'महाग हाय' म्हणायला लागल्या. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, बघितला नसेल तर बघा. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत आलेली सिंधी कुटुंबं राहिली. आज आपण कापडाला जातो ते गांधीनगर.
माझा भाचा पोलंडला शिकायला आहे, त्याला हे सांगितलं तर तो थक्क झाला. तिथल्या घरमालकिणीला कोल्हापूर म्हणून सांगितलं त्यानं. तिला ठाऊक नव्हतं, पण सगळं बसून ऐकून घेतलं म्हणे.

कळंबा_परत
मी अकरा महिन्यांत परत आलो. डब्लिन. नोकरी गेली, ठरल्या मुदतीत दुसरी मिळाली नाही. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरल्यावर वडील काही बोलले नाहीत, बॅग उचलली फक्त. लोक विचारतात काय मिळवलंस. सांगता येत नाही. एकटं राहिलो, महिन्याचा हिशेब लिहायला शिकलो, आजारी पडून बरा झालो. वडिलांना आता मी स्वतःहून चहा करून देतो. आधी कधी दिला नव्हता.

रंकाळा_संध्याकाळ
@कळंबा_परत, अकरा महिने पुष्कळ असतात रे. माझ्या बरोबरच्या दोघी सहा महिन्यांत परतल्या आणि मला त्यांचं कधी चुकलं असं वाटलं नाही.
@चिखलीकर, आजोबा मार्चमध्ये घरी गेले, काठी टेकत पण चालत. दारातनं हात वर करून 'लई' म्हणाले. नुसताच शब्द, मागं-पुढं काही नाही. म्हशींचं वाचून वाईट वाटलं.

पाचगावची
ताई, बी-टूला क्लास लावावा का घरी होईल? नोकरी सांभाळून करायचंय.

रंकाळा_संध्याकाळ
व्याकरण घरी होईल. बोलायला मात्र माणूस लागतो. त्या गल्लीतल्या पोरीला विचारते, दोघी मिळून बसा. मीपण असेन महिनाअखेरपर्यंत, संध्याकाळी सातनंतर या.

हळदीकुंकू६२
दिवाळीनंतर कुणी टोरंटोला जाणार असेल तर सांगा. अर्धा किलोच आहे.